टवका उडालेला दगड

तीर्थस्वरूप दाजींना, दुकानातल्या उंच स्टुलावर बसून, कंबर परवानगी देईल तितकंच वाकून, धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेल, नव्या ऑफिसातली खुर्ची पाठीला सोसत असेल आणि नव्या घराच्या नळाला वेळेवर पाणी येत असेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. थोरलीचं खरचटलेलं ढोपर वाळलं, टिल्लूचा पडायला आलेला दात अजून लोंबतोच आहे (तो जिभेने हलवून दाखवून टिल्लू गिऱ्हाइकांची करमणूक करतो), आणि माझी सर्दी उताराला लागली आहे. सर्दी कशी झाली ते पुढे येईलच. पत्रात विनंती विशेष असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. त्यातलं विशेष तेवढं आधी लिहितो, विनंतीचं शेवटी बघू.

तुमचं पत्र मिळालं. महिनाअखेरीला मुलांना न्यायला येताय हे वाचून जिवात जीव आला. जमलं तर आधीच या. ताई गेली, लगेच तुमची बदली झाली, आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलं मामाकडे राहतील असं ठरलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात 'त्यात काय एवढं' म्हणून गेलो होतो. आता कळलं, त्यात काय ते. माझं घर म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत आता माणसांपेक्षा दगड जास्त आहेत. साबणदाणीत दगड, उशीखाली दगड, बुटात दगड. परवा तर एका वकीलबाईंचा चष्मा दुरुस्त करून दिला, बाई कोर्टात ऐटीत उभ्या राहिल्या, चष्म्याचं घर उघडलं, तर आत दगड. (टिल्लूने दगडाला झोपायला मऊ जागा हवी म्हणून तिथे ठेवला होता. चष्मा त्याने काढून माझ्या टूथब्रशच्या पेल्यात ठेवला.) बाईंनी तो दगड पुरावा म्हणून जपून ठेवला आहे असं कानावर आलंय. अशा परिस्थितीत मी तुमची चातकासारखी वाट बघतो आहे, हे वेगळं सांगायला नको.

'मुलांच्या मनाची तयारी करून ठेव,' असं तुम्ही लिहिलंत. टिल्लूच्या मनाची तयारी व्हायला फारसा वेळ लागला नाही. नव्या घराला लिफ्ट आहे का, एवढंच त्याने विचारलं. आहे म्हटल्यावर तो पिशवी घेऊन दारात जाऊन बसला, आणि महिनाअखेर आज नाही हे त्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले. थोरलीचं तसं नाही. ती वहीला कव्हर घालत होती, ते घालून पूर्ण केलं, कडा दाबल्या, आणि मग म्हणाली, 'येईन मी. पण आईचा दगड सापडल्याशिवाय नाही.' दहा वर्षांची पोर, पण आवाज हुबेहूब ताईचा. त्या आवाजापुढे मी लहानपणापासून कधी जिंकलेलो नाही.

आता आईचा दगड म्हणजे काय, ते सांगतो. तो तळ्यात गेला त्या दिवशी तुम्हीही तिथे होतात, पण गाडीत पेपर वाचत होतात. इथल्या तळ्याच्या काठी जे राखाडी गोटे पडलेले असतात, त्यांतले काही मूळचे दगड नव्हेत. कोणे एके काळी इथे म्हणे समुद्र होता, आणि त्यातले बारीक जीव मरून, दबून, त्यांचे दगड झाले. जीवाश्म म्हणतात त्यांना. आपल्या घरात त्यांना 'जाळीवाले' म्हणतात. गंमत अशी की कोरडा असताना जाळीवाला आणि साधा गोटा यांत काडीचा फरक दिसत नाही. ओला केला की मात्र अंगभर जाळी उमटते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि वाळला की पुन्हा साळसूद. ताईला कोरड्यातसुद्धा ओळखू यायचे. शंका आली तर ती सरळ उचलून जीभ लावायची. (तुमच्या लग्नाआधी ही सवय तुमच्यापासून लपवण्यात आली होती. आता सांगायला हरकत नाही.) आणि तिचा एक नियम होता. दिवसभरात सापडलेला सगळ्यांत चांगला दगड घरी न्यायचा नाही, निघताना तळ्याला परत द्यायचा. तळ्याने पुढच्या खेपेलाही आपल्याला ओळखावं म्हणून, असं ती म्हणायची. मागच्या वर्षी शेवटच्या खेपेला तिला असा जाळीवाला मिळाला, की आम्ही बघतच राहिलो. साबणाच्या वडीएवढा, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. टिल्लूने भोकाड पसरलं, पण नियम म्हणजे नियम. ताईने तो पाण्यात फेकला. शोधायचा आहे तो हा दगड.

मी थोरलीला समजावलं की बाई गं, तळं केवढं, दगड केवढा. वर्षभरात पाणी चढलं, उतरलं, तो कुठल्या कुठे गेला असेल. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'लांब नाही गेलेला, मामा. आईच्या हातात तेव्हा जोरच नव्हता.' दाजी, मी चष्मेवाला माणूस, बारीक अक्षरं वाचण्यावर पोट भरतो. पण ताईचा दगड त्या दिवशी काठापासून हातभरावर पडला, हे मी डोळ्यांनी बघूनही मला काही वाचता आलं नव्हतं. पोरीने ते बघून ठेवलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि निघालो.

तेव्हापासून सुटीचा एकही दिवस आम्ही घरी काढलेला नाही. थोरलीने काठावर सुतळी बांधून चौकोन पाडले आहेत, आणि कुठला चौकोन कोणी बघायचा ते तीच ठरवते. माझ्या वाट्याला नेमका बदकांचा चौकोन आला. त्यातलं एक बदक (नर असावा, चेहऱ्यावर जबाबदारी दिसते) मला ओळखून आहे. मी वाकलो रे वाकलो, की ते मागून येतं. एकदा मी डोळ्याला दुकानातलं भिंग लावून एक गोटा निरखत होतो. भिंगातून जवळचं मोठं दिसतं, पण मागचं काही दिसत नाही, ही त्या यंत्रातली उणीव माझ्या तेव्हा लक्षात आली. बदकाने जिथे चावायचं तिथेच चावा घेतला, मी पुढे झेप घेतली, आणि पुढे पाणी होतं. वर ज्या सर्दीचा उल्लेख केला, ती ही. मुलं इतकी हसली की टिल्लूला उचकी लागली. थोरली हसायची थांबली आणि म्हणाली, हे आईला सांगायला हवं. मी पाण्यातूनच हो म्हटलं.

दगड ओले करायला म्हणून मी काचा पुसायची फवाऱ्याची बाटली नेली होती. जीभ लावण्यापेक्षा ते आरोग्याला बरं, असा माझा विचार. टिल्लूला हा विचार मान्य नव्हता. मी दगडावर फवारा मारायचा, आणि त्याने तोच दगड उचलून आईसारखी जीभ लावायची, असं बराच वेळ चाललं. बाटलीत साबणाचं पाणी होतं हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा टिल्लूच्या तोंडातून फुगे निघायला लागले होते. नेमका त्याच वेळी तळ्यावरचा रखवालदार आला. त्याला काय दिसलं याचा तुम्हीच विचार करा. एका पोराच्या तोंडाला फेस, एक पोरगी सुतळी घेऊन जमीन मोजते आहे, आणि चिंब भिजलेला एक माणूस डोळ्यात भिंग अडकवून रांगतो आहे. त्याने शिट्टी तोंडात धरून विचारलं, काय हरवलंय? मी म्हटलं, दगड. त्याने काठभर पसरलेल्या लाखभर दगडांवरून नजर फिरवली. म्हणाला, कुणाचा? मी म्हटलं, बहिणीचा, या मुलांच्या आईचा. मग तिलाच बोलवा ना, म्हणाला. मी डोळ्यातलं भिंग काढलं. त्याने मुलांकडे पाहिलं, शिट्टी खिशात ठेवली, आणि टिल्लूला नळावर नेऊन चूळ भरायला लावली. त्यानंतर त्याने आम्हाला कधी हटकलं नाही. उलट आम्ही नसताना कोणी सुतळी ओलांडली तर तो शिट्टी मारतो, असं गळ टाकायला येणारे लोक कुरकुरत सांगतात.

जाळीवाले आम्हाला दर खेपेला सापडायचे. पण टवक्याचा एकही नाही. संध्याकाळी निघताना थोरली नियमाप्रमाणे सगळ्यांत चांगला दगड मागायची, आणि टिल्लू दरवेळी आपला सगळ्यांत भिकार दगड पुढे करून, हाच चांगला, म्हणून शपथेवर सांगायचा. मग खरा चांगला त्याच्या चड्डीच्या खिशातून काढून घ्यायचा, त्याने रडायचं, थोरलीने दगड पाण्यात टाकायचा, आणि पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून घरी यायचं. हे 'पुढच्या खेपेला बघू' ती जास्तच हळू म्हणायला लागली, आणि तुमचं पत्र तर काउंटरवर काचेखाली ठेवलेलं. शेवटी मी ठरवलं की दगड सापडत नसेल तर तो सापडवला पाहिजे.

एका पहाटे मुलं झोपेत असताना मी एकटाच तळ्यावर गेलो. (बदकालासुद्धा आश्चर्य वाटलं. चावायचं विसरलं.) इतके दिवस मला मुलांनी दाखवल्याशिवाय एकही जाळीवाला ओळखता आला नव्हता. सबंध गावाला नजर पुरवणारा मी, पण मला दिसायचे ते फक्त गोटे. त्या सकाळी कोणी बघत नाही असं पाहून मी जीभ लावायला सुरुवात केली. चवीबद्दल लिहीत नाही. पण वेताच्या झुडपांपाशी एक मिळाला, साबणाच्या वडीएवढा, सगळ्या अंगावर जाळी. ताईला हाक मारायला तोंड उघडलं होतं. गेल्या सहा-सात महिन्यांत मी रडलो नव्हतो, कारण मुलं घरात, आणि खाली दुकानात गिऱ्हाइकं. त्या दिवशी तळ्यावर दोन्ही नव्हती.

दुकान उघडण्याआधी मी पकडीने त्या दगडाचा एक कोपरा उडवला. टवका झकास उडाला, थेट ताईच्या दगडासारखा. रविवारी सुतळीतल्या थोरलीच्या चौकोनात, पाण्याच्या कडेला, अर्धा वाळूत पुरून ठेवला, आणि मग बदकांच्या चौकोनात जाऊन वाकून उभा राहिलो, म्हणजे माझ्याकडे कोणाचं लक्ष जायला नको. पोरीला तो सापडला. ती ओरडली नाही, हे ऐकूनच मला धडकी भरली. तिने तो पाण्यात बुडवला, जाळी बघितली, आणि मग टवक्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा पुढे, एकदा मागे. दाजी, हे असं अंगठा फिरवणं ती माझ्याच दुकानात शिकली आहे. आम्ही काच कापली की तिची कड घासून बोथट करतो, म्हणजे कोणाला लागू नये, आणि मग अंगठ्याने तपासतो. पंचवीस वर्षं हेच काम केलेला माझा हात. टवका उडवल्यावर माझ्याही नकळत मी तो दगड चाकावर धरला होता, आणि त्याची कड घासून गुळगुळीत करून ठेवली होती. पोरीच्या हाताला लागू नये म्हणून! असा खोटेपणा करणारा माणूस तुरुंगातसुद्धा कोणी ठेवून घेणार नाही.

'मामा,' ती म्हणाली, 'याची कड घासलीय.'

मी बदकाकडे बघितलं. नेमकं तेव्हा ते चावेना.

'हा आईचा नाहीये ना?'

नाही, असं मी म्हटलं. आता ही रडणार, आणि मग टिल्लू रडणार, आणि मग मी, अशी तयारी करून मी उभा होतो. पण तिने दगड पुन्हा पाण्यात बुडवला, बराच वेळ उलटा सुलटा करून पाहिला, आणि विचारलं, 'हा तुला सापडला? एकट्याला?' वेताच्या झुडपांपाशी, असं मी सांगितलं. 'जीभ लावलीस?' लावली, म्हटलं. तिने मान डोलावली, शाळेत बाई डोलावतात तशी. एवढ्यात टिल्लू धावत आला, दगड बघून त्याचे डोळे विस्फारले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःहून नियम आठवला. हाच आजचा सगळ्यांत चांगला, हा तळ्याला, म्हणून त्याने हात पुढे केला. (दुसऱ्याचा दगड फेकताना माणूस नियमाला किती पक्का होतो पहा.)

'हा नाही द्यायचा,' थोरली म्हणाली. 'हा मामाचा आहे. हा मी तिकडे नेणार. आईचा तळ्यालाच दिलेला होता, तो राहू दे तिथेच.' आणि ती सुतळी गुंडाळायला लागली. टिल्लूने खुंट्या उपटल्या. मी काहीच करत नव्हतो, म्हणून मला सुतळीचं एक टोक धरायला दिलं.

तर दाजी, तुमच्या आज्ञेप्रमाणे मुलांच्या मनाची तयारी झालेली आहे. तुम्ही येऊन त्यांना न्यावं. माझ्या साबणदाणीत साबण राहील, वकीलबाई परत गिऱ्हाईक होतील, आणि सुटीच्या दिवशी मला दुपारपर्यंत झोपता येईल. फार दिवसांनी घराला शांतता मिळणार आहे. प्रकृतीची काळजी घ्यावी, खुर्चीला उशी घ्यावी.

तुमचा मेहुणा (गावाचा चष्मेवाला)

ता. क. टिल्लूची बॅग उचलताना खालून हात लावा, बंदाला धरू नका. आत कपडे नाहीत. कपडे माझ्याकडच्या पिशवीत आहेत. त्याच्या दाताला दोरा बांधायचा नाही असं त्याला वचन दिलेलं आहे, ते तुम्हालाही लागू धरावं. आणि प्रवासात पाण्याची बाटली थोरलीच्या हाताशी ठेवा. दगड वाळला की जाळी दिसेनाशी होते आणि ती कासावीस होते. तिने मागितलं की थोडं पाणी द्या, गाडीची सीट भिजली तरी चालेल.

आणखी एक. वर 'जमलं तर आधीच या' असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. महिनाअखेर म्हणजे अगदी शेवटचा दिवस धरला तरी माझी हरकत नाही. त्याच्या पुढचाही चालेल. शांततेबद्दल लिहिलं तेही वाचलं नाहीत असं समजा. आणि याल तेव्हा एक रविवार हाताशी ठेवून या. पेपर आणू नका. बदकांचा चौकोन तुमच्यासाठी मोकळा करतो.

शेवटचं, आणि मग खरंच पुरे. त्या रविवारी परत येताना टिल्लू माझ्या खांद्यावर झोपला होता. थोरली दगड हातात धरून चालत होती. दुकानाची पायरी चढताना तिने विचारलं, नव्या घरी आईबद्दल बोललेलं चालेल का? मी म्हटलं, असं का विचारतेस? म्हणाली, फोनवर मी 'आई' म्हटलं की बाबा अभ्यासाचं विचारतात. दाजी, तुम्ही अभ्यासाचं का विचारता ते मला कळतं. गिऱ्हाइकाने ताईची चौकशी केली की मीही पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतो. आपण दोघं तरी फोनवर हवामानाशिवाय काय बोलतो? दोन्ही गावांचं हवामान मला आता तोंडपाठ आहे. मी तिला सांगून टाकलं, चालेल. तिने माझ्याकडे बघितलं, अंगठा कडेवरून फिरवताना बघते तशी, आणि म्हणाली, तू नको सांगूस, बाबांना विचार. म्हणून विचारतो. चालेल ना?